दुर्बिणीच्या कड्या

सीमाचं पत्र येऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि मोरेश्वरांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही. लिहिलं पुष्कळ होतं, पाठवलं नव्हतं. सीमाचं पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात, वरच्या फळीवर होतं. वूस्टरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची सारी नोकरी पुस्तकांना क्रमांक देण्यात आणि ती जागच्या जागी लावण्यात गेली होती, त्यामुळे कुठली वस्तू कुठे ठेवली आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ठेवलेली वस्तू बाहेर काढणं हे वेगळं काम होतं, आणि ते त्यांना कधी नीट जमलं नाही. पत्र मराठीत होतं. देवळाच्या तळघरात भरणाऱ्या रविवारच्या शाळेत सीमा लहानपणी जी अक्षरं शिकली होती, तीच अजून तशीच, मोठी मोठी, ओळीवर रांगेत उभी केल्यासारखी. ‘प्रिय बाबा, माझ्या घरात खालची खोली रिकामी आहे. खिडकीतून गाई दिसतात. भिंत मी मापली, तुझी सगळी पुस्तकं मावतील. तू इथे राहायला ये. फोनवर सांगू नको. फोनवर तू “बघू” म्हणतोस. लिहून सांग. सीमा.’ एवढंच. रत्ना, त्यांची बायको, जाऊन तेव्हा दोन-तीन महिने झाले होते. मोरेश्वरांनी त्याच संध्याकाळी चार पानी उत्तर लिहिलं, आणि सकाळी वाचलं तेव्हा त्यात त्यांना तक्रारीचा सूर ऐकू आला. तो काढला, तर पत्र कोरडं झालं. कोरडेपणा जावा म्हणून दोन वाक्यं घातली, तर ती उपकाराची वाटू लागली. आणि मुळात हा प्रश्नच होता की मुलीने हे मनापासून लिहिलंय की आई गेल्यावर मुलींना असं लिहावं लागतं म्हणून लिहिलंय. गाई दिसतात म्हणते. कुणाला हव्यात गाई? पण भिंत मापली होती. प्रत्येक वेळी ते त्या भिंतीपाशी येऊन थांबत आणि कागद घडी करून ठेवून देत. दर रविवारी फोनवर दोघं वरमाँटच्या थंडीबद्दल, गाईंच्या आजारांबद्दल आणि मोरेश्वरांच्या गुडघ्याबद्दल बोलत. पत्राचं नाव तिने काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

आणि त्या शनिवारी सकाळी, श्रूजबरीहून नेमबाजीच्या क्लबच्या रेंजकडे जाताना, रूट नाइनवरच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना, सीमा रस्त्याकडे बघत म्हणाली, “बाबा, माझ्या क्लिनिकमधली ती मोना आहे ना, नवी टेक्निशियन? तिला जागाच मिळत नाहीये. विंटर सुरू व्हायच्या आत काहीतरी हवंय.”

“हो का?” मोरेश्वर म्हणाले.

“मी विचार करत होते, खालची रूम तिला द्यावी. रिकामीच आहे ना.”

“दे ना,” मोरेश्वर म्हणाले. “बिचारीची सोय होईल.”

सिग्नल हिरवा झाला. सीमाने क्षणभर उशीर केला, मागच्याने हॉर्न दिला. “ओके,” ती म्हणाली. “डीअर सीझन संपला की सांगते तिला.”

बस, इतकंच झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानं गळून गेलेली झाडं होती, डोनटच्या दुकानासमोर गाड्यांची रांग होती, मागच्या सीटवर कुलूपबंद पेटीत सीमाची रायफल होती, आणि यांतलं काहीच बदललं नव्हतं. पण मोरेश्वरांना, जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली नुसती जमीन लागावी, तसं झालं. ‘दे ना’ हे त्यांनी म्हटलं नव्हतं. ते आपोआप बाहेर आलं होतं, जन्मभर येत आलं होतं. ग्रंथालयात नव्याने आलेल्या मुलाने त्यांची खिडकीजवळची जागा मागितली तेव्हा हेच आलं होतं. तिथे ती जागा गेल्यावर ते बरीच वर्षं कॉपी मशीनशेजारी बसले, आणि त्यांना खरोखरच काही वाटलं नाही असं रत्नाला सांगत राहिले. रत्ना म्हणायची, “तुम्हाला वाटायला लागेपर्यंत दुसरा माणूस तिथे बसून रिटायर होतो.” ती कोल्हापूरची, बोलायला मोकळी. हे वाईचे, शाकाहारी, आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘बहुधा’ लावल्याशिवाय न बोलणारे. त्यांना आत्ता गाडीत म्हणता आलं असतं, ‘थांब, देऊ नकोस.’ तीन-चार शब्द. ते शब्द त्यांनी मनात नीट मांडले, पहिला शब्द बदलला, मग वाटलं की आता फार उशीर झाला, आता म्हटलं तर मोनाच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल. तेवढ्यात गाडी क्लबच्या कच्च्या रस्त्याला लागली.

सीमा जनावरांची डॉक्टर. वरमाँटमध्ये डेअऱ्यांवर गाईंची बाळंतपणं करते आणि नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाते. मोरेश्वरांनी खूप वर्षांपूर्वी एकदा तिला विचारलं होतं, का? ती म्हणाली होती, “बाबा, मी ज्यांना वाचवते तेही शेवटी कुणाच्या तरी ताटात जातात. एक तरी असं असू दे की ज्याचं सगळं मीच केलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर.” त्यांना ते पटलं नव्हतं, पण खोडूनही काढता आलं नव्हतं. त्या शनिवारी मात्र अडचण वेगळीच निघाली. रायफलवरची दुर्बीण, म्हणजे तो स्कोप, जागेवर राहत नव्हता. दुर्बिणीतली फुली जिथे दिसते तिथेच गोळी लागली पाहिजे, त्याला ही मंडळी झिरो म्हणतात. सीमा झिरो करायची आणि थोड्या वेळाने तो हरवायचा. मागच्या दोन्ही वर्षी ती शिकारीला गेलीच नव्हती. एका वर्षी आई आजारी, दुसऱ्या वर्षी आई नाही. रायफल इथेच तळघरात लोखंडी कपाटात होती, किल्ली सीमाकडे. सीझन दोन आठवड्यांवर आला होता, म्हणून ती शुक्रवारी इथे आली. “तू चल माझ्याबरोबर,” म्हणाली. “मला स्पॉटर लागतो.” मोरेश्वरांना वाटलं, सोबत म्हणून म्हणत असेल. पण खरंच काम होतं. तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून लांबचा कागद बघायचा आणि गोळी कुठे लागली ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायचं. कानांवर जाड कर्णबंद घालून, थंडीत, डोळा काचेला लावून बसायचं आणि जे दिसेल तेच सांगायचं. असं काम त्यांना आयुष्यात फार थोडं मिळालं होतं. तिथे मत नव्हतं.

“मध्यावर,” ते म्हणाले. पुढची गोळी. “मध्यावर. जवळजवळ चिकटून.” आणखी एक, तशीच. सीमाने मान डोलावली. मग रायफलची नळी तापत गेली, आणि त्यांनी सांगितलं, “दोनच्या काट्याकडे. बोटभर.” सीमाने स्कोपचं बटण फिरवलं. “आता खाली. चार-पाचच्या मध्ये.” तिने पुन्हा फिरवलं. “वर गेली. बरीच वर.” प्रत्येक आवाजाबरोबर त्यांच्या छातीत कुणीतरी दार लावल्यासारखं व्हायचं, आणि प्रत्येक वेळी ते सांगताना त्यांना अपराधी वाटायचं, जणू गोळी त्यांच्या सांगण्यामुळे तिकडे जात होती.

रेंजची देखभाल करणारा डेल मागे येऊन उभा होता. नारिंगी टोपी, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तो इंग्रजीत म्हणाला, “तू एकेका गोळीच्या मागे धावते आहेस, डॉक. थांब. एकही बटण फिरवू नकोस. तीन मार. मग बघ.”

“त्या तिन्ही तीन दिशांना जातात, डेल.”

“मग दोष बटणात नाही ना.”

डेलने मग एकेक गोष्ट तपासली. गोळ्या बदलून पाहिल्या. लाकडी दस्त्याचे स्क्रू पाहिले. स्कोपची बैठक जिथे रायफलला जोडतात तिथले स्क्रू पाहिले, घट्ट होते. सगळं घट्ट होतं. सीमा रायफल बाजूला उभी करून थर्मासमधली कॉफी प्यायली, तेवढ्यात नळी गार झाली, आणि पुन्हा तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या, फक्त मध्यावर नव्हे, डावीकडे वर, कुठेतरी भलतीकडेच. गार असताना एकत्र, तापली की पांगापांग, आणि पुन्हा गार झाली की जिथे पोचली असेल तिथेच पुन्हा एकत्र. मोरेश्वर स्वतःशी काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणालास?”

“काही नाही.”

“बाबा.”

“नाही, त्या पुस्तिकेत... स्कोपबरोबर पुस्तिका आली होती ना, त्यात असं आहे की स्कोप ज्या कडीत बसतो तिला लागून त्याच्या नळीवर पेन्सिलीने रेघ ओढायची. म्हणजे कडीतल्या कडीत स्कोप सरकतोय का ते कळतं. पण ते तुम्ही केलंच असेल.”

कोणीच केलं नव्हतं. सीमाने डेलला सांगितलं. डेलने टोपी मागे सारली. “मॅन्युअल वाचणारा पुरुष,” तो म्हणाला, “मी आज पहिल्यांदा बघतोय. ह्यांना इथे लाव, मला घरी जाऊ दे.” त्याने कानामागची पेन्सिल काढून रेघ ओढली. रायफल तापल्यावर पाहिलं तेव्हा रेघ कडीपासून सुटली होती. तांदळाच्या कणीएवढी, पण सुटली होती. दुर्बीण आपल्या दोन कड्यांमधून हळूच पुढे घसरत होती.

“झालं तर,” डेल म्हणाला. “कड्या उघड, साफ कर, पुन्हा बसव.”

“नाही,” सीमा म्हणाली. इतकी पटकन की डेलने तिच्याकडे पाहिलं. “रिंग्ज मी उघडणार नाही. त्या मी व्यवस्थित बसवल्यात. रिंग्जचा प्रॉब्लेम नाही.”

“मग स्कोप कंपनीला परत पाठव. महिनाभर जाईल.”

“मग ह्या वर्षी नाही जाणार.” तिने रायफल पेटीत ठेवली. गाडीत बसल्यावर, मोरेश्वरांनी काही विचारलं नसताना, ती म्हणाली, “कागदावर चार बोटं इकडे-तिकडे म्हणजे काही नाही, बाबा. हरणात चार बोटं म्हणजे फुप्फुसाच्या ऐवजी पोट. आणि पोटात लागलेलं हरीण मरत नाही लगेच. ते दिवसभर चालतं. मी नाही करणार ते.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. आणि बाहेर बघत राहिले.

कारण तांदळाच्या कणीएवढी सुटलेली ती रेघ त्यांनी डोळ्यांनी पाहिली तेव्हाच त्यांना रत्नाचं बोट दिसलं होतं. दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. रत्नाचे वडील कोल्हापूरला पोलिसांच्या शस्त्रागारात हवालदार होते; खंडेनवमीला तिथे रायफली ओळीने मांडून, पुसून, तेल लावून त्यांची पूजा व्हायची, आणि लहानपणी तिला ती बघायला नेलेली. सीमाने रायफल घेतली हे कळल्यावर मोरेश्वर दोन दिवस गप्प होते, रत्नाने फक्त विचारलं होतं, “मग खंडेनवमीला घरी आण तिला. शस्त्र आहे, पूजा नको?” रत्ना दर वर्षी घरातल्या सगळ्याच हत्यारांची पूजा करायची. शिवणाचं मशीन, सुऱ्या, अंगणातलं बर्फ ढकलायचं फावडं, मोरेश्वरांचं स्टेपलर. आणि नुसतं वर कुंकू टेकवणं तिला मान्य नव्हतं. मशीनची खालची झडप उघडून ती आत तेल-कुंकू लावायची, दसऱ्यानंतर शिवलेल्या पहिल्या कापडावर दर वर्षी एक लालसर डाग पडायचा आणि ती म्हणायची, “पडू दे, मशीन खूश आहे.” त्या वर्षी सीमा नवा स्कोप घेऊन आली होती, तळघरातल्या मोठ्या टेबलावर बसवायला. सगळे भाग सुटे मांडलेले, स्क्रू एका वाटीत. मग क्लिनिकचा फोन आला, कुठलीतरी गाय अडली होती, आणि सीमा बोलत बोलत वर गेली. मोरेश्वर कोपऱ्यातल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले होते. रत्ना ताम्हन घेऊन खाली आली, पायरीवर जरा दम घ्यायला थांबली. तेव्हा ते दम घेणं म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिने एकेक भागाला तेल-कुंकवाचं बोट लावलं. अर्ध्या चंद्रासारख्या त्या कड्या हातात घेऊन आतल्या बाजूने बोट फिरवलं होतं का? त्यांना वाटत होतं, फिरवलं होतं. “पकड इथे असते ना?” असंही काहीतरी ती म्हणाली होती. की हे त्यांनी आत्ता, गाडीत बसून, रचलं? वाचलेलं आणि पाहिलेलं यांत त्यांची नेहमीच गल्लत व्हायची. आणि समजा पाहिलं होतं, तरी ते म्हणायचं कसं? तुझ्या आईने पूजा केली म्हणून तुझा नेम चुकतोय, असं? गेलेल्या माणसाच्या माथी हे मारायचं? शिवाय सीमा कड्या उघडायला का तयार नव्हती, ते त्यांना आता समजलं होतं, किंवा समजलंय असं वाटत होतं. त्या दिवशी सीमा खाली येऊन त्या कड्या बसवत असताना रत्नानेच दुर्बीण हातात धरून ठेवली होती. त्या घट्ट केलेल्या जागी दोघींचे हात होते. त्यानंतर ते स्क्रू कुणी हलवले नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला. दुपारचं ऊन तळघराच्या छोट्या खिडकीतून टेबलावर येत होतं. सीमाने रायफल टेबलावर ठेवली होती आणि ती फोनवर परत पाठवायचा पत्ता शोधत होती. तिचे हात मोरेश्वरांना दिसले. सारखे धुऊन, थंडीत राहून, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या. रत्ना असती तर तेलाची वाटी घेऊन मागे लागली असती. त्यांना वाटलं, आता ही पेटी बंद करेल, स्कोप डब्यात घालेल, उद्या निघून जाईल. सीझन जाईल. मोनाला खोली जाईल. आणि आपण हे सगळं माहीत असून पुन्हा एकदा कॉपी मशीनशेजारी बसू. त्यांनी कप खाली ठेवला. वाक्य मनात मांडायला सुरुवात केली, आणि मांडून होण्याआधीच ते तोंडातून बाहेर पडलं.

“सीमा, त्या कड्यांच्या आत कुंकू आहे.”

“व्हॉट?”

“कुंकू. आणि तेल. तू वर फोनवर होतीस.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग रायफलकडे. मग तिने ड्रॉवरमधून छोटी किल्ली काढली आणि पहिला स्क्रू सैल केला. चारही स्क्रू वाटीत टाकले. कडीचा वरचा अर्धा भाग उचलायला जरा जोर लागला, चिकटल्यासारखा तो सुटला. आत पांढरं काहीतरी होतं, मेणासारखं, पातळ थर, आणि त्यात एक लाल रेघ, बोटाच्या रुंदीची, वळत गेलेली.

“ग्रीस आहे का हे? मी तर ग्रीस लावलं नव्हतं.”

“खोबरेल,” मोरेश्वर म्हणाले. ‘बहुधा’ न लावता. “थंडीत थिजतं. नळी तापली की वितळतं, आणि दुर्बीण सरकते. गार झालं की सरकली असेल तिथेच पुन्हा थिजतं. म्हणून गार असताना गोळ्या एकत्र लागतात.”

सीमाने कडी नाकाशी नेली. बराच वेळ तिने ती खाली ठेवली नाही. तळघरात हीटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मोरेश्वर घाबरून अर्धे उठले, पण ती हसत होती. “माय गॉड. बाबा, शी ऑइल्ड इट. केसांना लावायची तसं आईने माझ्या रायफलला तेल लावून दिलं.” ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि डोळे पुसत हसत राहिली. “दर रविवारी पकडून बसवायची मला. हलू नको, हलू नको. आणि तू समोर पुस्तक वाचत बसलेला असायचास.”

“हो.”

“तेव्हाही तू पाहत होतास?”

“पाहत होतो.”

“मग रेंजवर का नाही सांगितलंस?”

“तू कड्या उघडणार नाही म्हणालीस,” ते म्हणाले. “मला वाटलं, का ते मला कळलंय.”

ती हसायची थांबली. कडीच्या दोन्ही भागांकडे बघत म्हणाली, “पुसायचं का मग?” हा प्रश्न ती खरंच त्यांना विचारत होती. लहान असताना अवघड शब्द विचारायची, तसा.

“पुसायचं,” मोरेश्वर म्हणाले. “तिने काम नीट व्हावं म्हणून लावलं होतं.”

सीमाने तर्जनीने तो पांढरा थर निपटून घेतला, लाल रेघेसकट. बोटाच्या उबेने तो लगेच पाणी झाला. चिंधी जवळच होती, पण ती तिने घेतली नाही. ते तेल तिने दोन्ही हातांच्या पेरांवर, भेगांवर, सावकाश चोळलं. मग मोरेश्वरांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि कड्या आतून पुसल्या, एकदा, दोनदा, बोळा पांढरा निघेपर्यंत. दुर्बिणीची नळीही पुसली. पुस्तिकेतलं ते पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं होतं, पण त्याकडे बघायची वेळ आली नाही. सीमा स्क्रू आवळत असताना दुर्बीण त्यांनी हातात धरून ठेवली. “हलू नको,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिलीची रेघ नव्याने ओढली. गार नळीच्या तीन गोळ्या एकत्र लागल्या, पण बाजूला. सीमाने तिन्ही होईपर्यंत बटणाला हात लावला नाही, मग एकदाच फिरवलं. “मध्यावर,” मोरेश्वर म्हणाले. नळी तापली. “मध्यावर.” आणखी तापली, वर हवा थरथरायला लागली. “मध्यावर. मध्यावरच.” आपला आवाज एवढा मोठा येतोय हे कानांवरच्या कर्णबंदामुळे त्यांना कळलं नाही, शेजारच्या बाकावरचा माणूस वळून हसला. रेघ जागची हलली नव्हती. डेलने विचारलं, काय होतं शेवटी? सीमा म्हणाली, “माय मॉम.” डेलने जरा विचार केला आणि समजल्यासारखी मान हलवली.

ती दुपारी निघाली. गाडीत सगळं भरून झाल्यावर दोघं अंगणात उभी राहिली. खोलीबद्दल तिने काही म्हटलं नाही. मोरेश्वरांना कळत होतं की ती म्हणणारही नाही. तिने एकदा लिहून विचारलं होतं, एकदा सिग्नलला विचारलं होतं. “सीमा,” ते म्हणाले.

“काय?”

“हळू चालव.”

“हो बाबा.” तिने त्यांच्या गालाला गाल लावला. तिच्या हातांना अजून खोबरेलाचा वास होता. गाडी वळणापर्यंत दिसली, मग पानांचा पाचोळा उडाला, मग तोही बसला.

ते आत आले. शब्दकोशाचा तिसरा खंड काढला, पत्र काढलं, आणि त्याच्याबरोबर घडी करून ठेवलेले सगळे कच्चे कागद खाली पडले. त्यांनी ते वाचले नाहीत. वर्षभर ते प्रत्येक ओळ लिहून झाल्या-झाल्या स्वतःच वाचत होते, स्वतःच म्हणत होते, जरा डावीकडे गेली, जरा वर गेली, आणि बटण फिरवत होते. त्यांतली एकही नेमाच्या कागदापर्यंत, सीमापर्यंत, पोचली नव्हती. पोचल्याशिवाय चुकली का, आणि किती, हे कुणाला कळणार? सीमाने हे मनापासून लिहिलं की कर्तव्य म्हणून, हेही ते इथे खुर्चीत बसून ठरवत होते. भिंत मापणाऱ्या माणसाला विचारलं नव्हतं. तळघरात जाऊन ते त्याच टेबलाशी बसले. ऊन सरकून कडेला आलं होतं.

‘प्रिय सीमा, खालची खोली मोनाला देऊ नकोस. मोनासाठी दुसरी जागा आपण दोघं शोधू. मी येतो. बाबा.’

वाचून पाहावं म्हणून चष्मा वर केला, आणि न वाचताच पुन्हा खाली घेतला. खोलीत कुणी मोठ्याने विचारत असावं तसे नेहमीचे प्रश्न आले: गुडघ्याचं लिहायला हवं होतं का, ‘मी येतो’ फार आज्ञेसारखं झालं का, ‘आपण दोघं’ म्हणायचा आपल्याला काय अधिकार. त्यांनी ते येऊ दिले. कागद पाकिटात घातला. पत्ता लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की पाकिटाच्या कोपऱ्यावर बोटाचा एक तेलकट ठसा उमटलाय, फिकट लाल झाक असलेला. टेबलाच्या कडेला कुठेतरी पुसायचं राहिलं असणार. दुसरं पाकीट ड्रॉवरमध्ये होतं. त्यांनी ड्रॉवर उघडला, आणि बंद केला.

सोमवारी सकाळी पोस्टाबाहेरच्या निळ्या पेटीपाशी त्यांना देवांग भेटला, गल्लीतला, नागपूरचा, आयटीतला मुलगा, कुत्र्याला फिरवत. “काका, अजून कोणी लेटर टाकतं यार? व्हॉट्सॲप करा ना.”

“तिला फोनवर नको आहे,” मोरेश्वर म्हणाले.

“अर्जंट आहे का? मी ड्राइव्ह करतो, मोठ्या पोस्टात लगेच टाकू.”

“नाही रे. उशीर आधीच झालाय. आता जाऊ दे त्याच्या वेगाने.”

देवांग कुत्र्यामागे ओढला जात पुढे गेला. मोरेश्वरांनी पेटीचं झाकण खाली ओढलं. पाकीट पेटीच्या तोंडावर ठेवलं. लाल ठसा वर होता. त्यांनी झाकण सोडलं. आत, खाली, कागदावर कागद पडल्याचा हलका आवाज झाला. एरवी ते खात्री करायला झाकण पुन्हा एकदा उघडून बघत.